फाट्यावरच्या तिघी

१२ जानेवारी २०२५

आजपासून रोज लिहायचं. रोज म्हणजे लिहिण्यासारखं काही घडेल त्या दिवशी. मोठं काम हाती घेणाऱ्यानं मागं काही पुरावा ठेवावा, नाहीतर श्रेय भलताच घेऊन जातो.

ईरण्णा सकाळी स्वतः दुकानावर आला. स्वतः आला हे मुद्दाम नोंदवतो, कारण हा सासऱ्याच्या मयतीलाही माणूस पाठवून मोकळा झाला होता. तुरीची आडत, पंचायतीचं जुनं अध्यक्षपद आणि मोठं पोट, या तिन्हींमुळं गावात त्याचं चालतं.

“मिस्त्री, फाट्यावर पुतळा बसवायचा हाय. शेतमजुराचा. सगळ्या गावात कुणाचा ना कुणाचा हाय, आपल्यातच न्हाई. तू देवळाच्या घंटा वततूस, कळस वततूस. माणूस वतशील का?”

“ओतीन,” म्हणालो, “पण खरा ओतीन.”

त्याच्या डोक्यात नांगर धरलेला पैलवान होता, एक हात वर केलेला.

“बोट कुणाकडं दाखवायलाय त्यो?”

“वर.”

“वर काय हाय?”

ईरण्णानं छताकडं बघितलं. मग मीच सांगितलं. नांगर आता ट्रॅक्टरला आहे, आणि ट्रॅक्टरवर बसलेला गडी गाणी ऐकतो. शेतात हातानं काम करणारं कोण दिसतं? खुरपणारी बाई. तेव्हा तीन बाया, पात म्हणजे आपापली ओळ धरून खुरपताना. अस्सल मापाच्या, ब्राँझमध्ये. ईरण्णा लगेच हो म्हणाला, कारण उद्घाटनाला आमदार साहेब येणार आणि बचत गटाच्या बाया आल्या की मांडव भरतो. मुहूर्त बसव जयंतीचा.

जागाही ठरली. कमानीला लागून पंचायतीचा तो मोठा फलक आहे ना, गावात आता कुणी उघड्यावर बसत नाही असं कन्नडात जाहीर करणारा, त्याच्या अगदी शेजारी. दर्शनी जागा आहे.

मी कॉलेजात शिकलेलो नाही. ट्रॅक्टरच्या रेडिएटरला झाळ देता देता धातू ओळखायला लागलो, पुढचं सगळं चुका करून. ज्यांनी मला शिकवलं नाही त्या सगळ्यांचा मी आभारी आहे.

१९ जानेवारी

आमच्या भालकीकडच्या मेहकरच्या रस्त्याला ईरण्णाच्याच नव्या लागणीच्या उसात जाऊन बसलो. सोजरामावशीची टोळी खुरपत होती. ती मुकादमीण, म्हणजे बाया जमवणारी आणि रोजमजुरी ठरवणारी. तिच्या एका बाजूला बसव्वा, जी अर्धं वाक्य कन्नडात आणि अर्धं मराठीत बोलते, दुसऱ्या बाजूला तंबाखू धरलेली चंद्रम्मा. ठरलं, याच तिघी.

बारकावे टिपले. खुरपं उजव्या हातात, डावा हात गवताच्या बुडाशी. टाचा टेकलेल्या, गुडघे काखेपर्यंत. पुढं सरकताना बाई उठत नाही, एकेक पाऊल बदकासारखं टाकते. लुगड्यावरून पुरुषाचा फुल बाह्यांचा शर्ट, पानं कापू नयेत म्हणून. सोजरामावशीच्या शर्टाचं वरून दुसरं बटण तुटलेलं. तेही येणार.

“मावशी, पुतळ्यात मधी तू बसायचंस,” मी म्हणालो.

“मीच कामून? गावात देखण्या बाया मेल्या का?”

“तू बसतीस तशी कुणी बसत न्हाई.”

बसव्वा म्हणाली, “बसायचाच पुतळा असंल तर आमच्या मालकाचा कर. दिवसभर बसूनच अस्तेत.”

हसून झाल्यावर सोजरामावशी गंभीर झाली. तिची मुलगी विजयश्री जनवाड्यात दिलेली आहे. सासर जमीनदार, पोरीला उठता-बसता ‘खुरपंवालीची’ म्हणतात. दिवाळीला ही फराळ घेऊन गेली तर ओट्यावरूनच चहा देऊन वाटेला लावली.

“कर माझा,” ती म्हणाली. “पण तोंड माझंच पायजे, वळखू आलं पायजे. इवायाला आन् इहिणीला बोलवीन मी. बगा म्हणीन, ही खुरपंवाली. साहेब हार घालायलेत तिला.”

मी शब्द दिला.

२३ फेब्रुवारी

मातीच्या तिघी पुऱ्या झाल्या. स्वतःच्या कामाला चांगलं म्हणू नये, पण खोटंही बोलू नये. उत्कृष्ट झाल्यात. चंद्रम्माच्या गालातला तंबाखूचा फुगवटासुद्धा आहे.

रेणुका चहा घेऊन आली. तिच्याशी माझं लग्न झालं तेव्हा मी सायकली दुरुस्त करायचो, त्यामुळं माझ्यातल्या कलावंताशी तिची अजून नीट ओळख नाही. तिनं एक फेरी मारली.

“अहो, बाया आल्या. रान कुठं हाय?”

मी तिला समजावलं की कलेत सगळं दाखवायचं नसतं, बघणारा आपल्या मनानं रान घालतो.

“आन् बगणारानं भलतंच घातलं तर?”

काही प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं.

संध्याकाळी ईरण्णा. समोरून बघितलं, बाजूनं बघितलं, मागं जाऊन बघितलं आणि तिथं बराच वेळ उभा राहिला.

“मिस्त्री, जरा उठिवता येतंय का?”

“कुणाला?”

“तिघींला बी. थोडं. कमरंतनं.”

“कमरेतनं वाकून कोण खुरपतंय अण्णा? तुझ्याच उसात बघून आलोय मी.”

“ते हौदु, खरं हाय. पण रस्त्यावरनं बगणाराला...”

“रस्त्यावरनं बगणाराला नीट दिसावं म्हणून तर चबुतरा उंच घ्यायला सांगितलाय.”

ईरण्णाला खोकला आला. मातीची धूळ त्याला बाधते, पुढच्या वेळी बाहेरच बसवीन.

१४ मार्च

गावानं भांडी आणून दिली. मी तांबं मागितलं होतं, लोकांनी पितळ आणलं. पितळेत जस्त असतं, ब्राँझमध्ये कथील. हा फरक मी आज दारात आलेल्या प्रत्येकाला सांगितला. जाताना प्रत्येकजण म्हणाला, “पितळी बाया झ्याक हूद्यात मिस्त्री.” एका वयानंतर माणसाच्या कानात मेण ओततात की काय.

सोजरामावशीनं तांब्याची घागर दिली. लग्नातली. मी नको म्हणालो. “माझ्याच अंगाला लागणार हाय की,” म्हणाली.

२१ मार्च

पहिली ओत फसली. मावशीच्या उजव्या हातात हवा अडकली, मनगटाला भोक. खुरपं मात्र सुंदर आलंय. हात मोडून परत मुशीत टाकला. दिवसभर कुणाशी बोललो नाही. रेणुकाच्या मते घरात फार शांत वाटलं.

१० एप्रिल

आज मोठा दिवस. सोजरामावशी पुरी झाली, घासून-पुसून, म्हणून बोल्टाची मापं घ्यायला तिला क्रेननं चबुतऱ्यावर ठेवली. बाकी दोघी दुकानात आहेत, जोडकाम चालू आहे.

परिणाम विलक्षण. भालकीची बस थांबली आणि एका बाजूचे सगळे प्रवासी उठून दुसऱ्या बाजूला आले. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. पोरं तर हसून लोळत होती. आनंदाला रूप नसतं. कंडक्टर ओरडला, “मिस्त्री, घाई झाल्ती का?” मी म्हणालो, घाई कसली, तीन महिने लागले. त्यावर पुन्हा सगळी बस हसली. लोकांना मेहनतीचं कौतुक असतं, फक्त व्यक्त करता येत नाही.

१२ एप्रिल

एक हृद्य गोष्ट घडली. सकाळी फाट्यावर गेलो तर सोजरामावशीच्या पुतळ्याशेजारी कुणीतरी पाण्यानं भरलेलं प्लास्टिकचं टमरेल ठेवलेलं. उन्हात राबणाऱ्या बाईला तहान लागली असेल, ही केवढी भावना! अनामिक माणसानं पुतळ्याला जिवंत मानलं.

तपशिलाची चूक आहे. खुरपणाऱ्या बाया टमरेल नेत नाहीत. बाटली नेतात, किंवा सगळ्यांत मिळून घागर. पण भावना महत्त्वाची. मी टमरेल तसंच राहू दिलं.

रेणुकाला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून आत गेली. तिलाही भरून आलं असावं.

१६ एप्रिल

सोजरामावशी भर दुपारी आली. पाणी दिलं, घेतलं नाही.

“मिस्त्री, गाव काय म्हणायलंय ठावं हाय का तुला?”

“गाव पितळ म्हणतंय. हाय ब्राँझ.”

“गाव म्हणतंय सोजरी परसाकडं बसली.”

मला क्षणभर कळलंच नाही.

“संडास न्हवते तवा पाटं बाया बसायच्या की वाटंच्या कडंला. तशी बसिवलास तू मला. दिवसाढवळ्या, उंचावर, सगळ्या बसगाड्यांस्नी दिसंल अशी. आन् पंचायतीच्या त्या फळीच्या शेजारी!”

“मावशी, तुझ्या हातात खुरपं हाय.”

“खुरपं कोण बगतंय! त्ये टमरेल काय प्यायला ठिवलं व्हतं व्हय रे येड्या?”

मी म्हणालो, हे अज्ञान आहे, लोकांची नजर घाण आहे, मी केलंय ते तंतोतंत आहे. ती म्हणाली, तंतोतंत हाय म्हणूनच तर. मग ओरडणं थांबवून खाली बसली, आणि ते मला जास्त अवघड गेलं.

“जनवाड्याला सांगून बसले मी. इवाई-इहीण येणार. खुरपंवालीची म्हणत व्हते, आता काय म्हंतील पोरीला? ते नाव तिच्या लेकरांला बी चिकटंल. म्या जाईन मरून, तुझं ब्राँझ काय गंजत न्हाई.”

ब्राँझ गंजत नाही, हे तिला बरोबर माहीत होतं. नेमकं तेच.

१९ एप्रिल

गेले दोन दिवस लिहिलं नाही. मुद्दा असा. एखादी बाई खुरपताना जशी बसते तशी मी घडवली. बघणाऱ्याच्या डोक्यात दुसरंच आलं तर चूक घडवणाऱ्याची कशी? कुंभारानं माठ केला आणि लोकांना त्यात ईरण्णाचं पोट दिसलं, तर कुंभारानं माठ चपटा करायचा का?

सोजरामावशीला हा दाखला ऐकवला. ती म्हणाली, “तुला खरंच दिसत न्हाई ना? मग बेस्तरवारी बाजारच्या दिशी तू बस. तितंच. तसाच. दिसंल.”

मी म्हणालो, बसीन. मला लपवण्यासारखं काय आहे?

२४ एप्रिल

बसलो.

पुतळा कालच दुकानात आणून ठेवला होता. रिकाम्या चबुतऱ्यावर चढलो, लुंगी सावरली, टाचा टेकवल्या, खुरपं उजव्या हातात, डावा हात पुढं. जागेवर बसताक्षणी गुडघ्यांनी आवाज केला तो वेगळाच. बाजार ऐन भरात.

हसणारे हसले. त्यांची मला तयारी होती. कंडक्टर म्हणाला, “मिस्त्री, सरकारनं दिलाय की बांधून!” एकानं नाक धरलं. कांदेवाल्यानं दूर उभं राहून विचारलं, पाणी आणू का. मी एकटक पुढं बघत राहिलो.

लागलं ते निराळंच. एक म्हातारा काठी टेकत कमानीतून आला. मला पाहिलं, चटकन मान दुसरीकडं वळवली आणि खाकरला. पूर्वी वाटेनं जाताना कुणी बसलेलं दिसलं की लोक करायचे तसं, अब्रू राखायला. त्याच्या मागून दोन म्हाताऱ्या आल्या, त्यांनी पदर ओढून तोंड फिरवलं. त्यांना माझी चेष्टा करायची नव्हती. त्यांना माझी लाज वाटली, आणि ती त्यांनी झाकून घेतली.

मला वाटलं आता उठावं. पण हातात खुरपं होतं म्हणून सवयीनं पुढं ओढलं, तर खर्रर्र करून सिमेंटवर ओरखडा उठला. आणि सगळं लख्ख दिसलं. सिमेंट कोण खुरपतं? खाली माती नाही, समोर पीक नाही, उपटायला गवत नाही. मग बाई तिथं कशाला बसेल? बघणाऱ्यानं दुसरं काय समजायचं!

उडी मारून उतरायचं होतं, पण गुडघे धरले होते. बसव्वा आणि चंद्रम्मानं दोन्ही बगलांत हात घालून उतरवलं.

“बस झालं का मिस्त्री, का अजून यायचीय?” चंद्रम्मा म्हणाली.

हा शोध मला लागला, हे इथं नमूद करतो. रेणुकाचं म्हणणं, तिनं फेब्रुवारीतच सांगितलं होतं. तिनं प्रश्न विचारला होता. उत्तर मी काढलं.

२६ एप्रिल

पुतळ्याच्या समितीची बैठक. उद्घाटन पुढं ढकललं, तेवढ्यावर एकमत. बाकी सूचना जशाच्या तशा लिहून ठेवतो, पुढच्या पिढ्यांना करमणूक. एक : तिघींना कमरेत कापून मध्ये पाइप घालावा, म्हणजे उभ्या राहतील. दोन : गुडघ्यापर्यंत साहेबांच्या फोटोचं बॅनर गुंडाळावं. तीन : खुरपी काढून हातात कमळाची फुलं द्यावीत. (हे म्हणणारा कुठल्या पक्षाचा ते सगळ्यांना कळलं, पुढची पंधरा मिनिटं त्यातच गेली.)

मग मी बोललो. चबुतरा फोडा. तिथली मुरूम-खडी काढून काळी माती भरा. तिघी जमिनीला जमीन बसतील, पाया मातीखाली लपवतो. भोवती खरं पीक पेरायचं. पिकात बसलेली बाई खुरपायलाच बसलेली असते, हे लेकरालाही कळतं.

ईरण्णाचा चेहरा पडला. म्हणाला, “अय्यो, चबुतरा कसा फोडायचा? फरशी कोरून आलीय.”

तेव्हा कळलं. चबुतऱ्याच्या पुढच्या अंगाला संगमरवरी फरशी लागणार होती आणि तीवर ईरण्णाच्या वडिलांचं नाव होतं. तिघींच्या नावांना जागा उरली नाही म्हणून ती राहिली होती. वडील हयातीत शेतात गेले ते फक्त मजूर किती वाजता आले ते बघायला.

“चबुतरा ऱ्हाईल,” ईरण्णा म्हणाला. “बाया बदल.”

८ जून

दीड महिना अडून आहे. तिघी माझ्या दुकानात उकिडव्या. गिऱ्हाईक आत आलं की आधी दचकतं.

२० जून

सोजरामावशीनं आज ईरण्णाला त्याच्या आडतीवर गाठलं. मी योगायोगानं तिथं होतो. रेणुका म्हणते योगायोगानं तासभर आधीपासून होतो.

“अण्णा, तूर उगवली म्हणं तुझी.”

“व्हय अक्का. पुढच्या आठवड्यात येतीस ना बाया घेऊन?”

“न्हाई. आमच्यातली एक बी उतरणार न्हाई तुझ्या रानात.”

“कामून? रोज वाढवून पायजे का?”

“चबुतऱ्यावर बापाचं नाव लावतूस न्हवं? मग तुरीत बी बापालाच उतरीव.”

वडील वारल्याला सहा वर्षं झालीत. आडतीवरचे हमालसुद्धा पोती टाकून हसले. ईरण्णानं वर देवांच्या तसबिरींकडं बघितलं. तिथं वडिलांचाही फोटो आहे, हार घातलेला. फोटोनं काही खुरपण्याची तयारी दाखवली नाही.

२६ जून

जनवाडा, भालकी, सगळीकडं ईरण्णाचे फोन करून झाले. बाया कुठंच मिळत नाहीत, सगळ्यांची खुरपणी एकदमच निघालीय. ईरण्णाच्या तुरीत तूर शोधावी लागते.

२८ जून

चबुतरा फुटला. पहिला घण ईरण्णानंच घातला आणि फोटो काढून घेतला, म्हणजे कल्पना त्याची होती असं आता छापून येईल. म्हणून मी हे लिहून ठेवतोय.

५ जुलै

तिघी बसल्या. पावलं मातीत किंचित रुतलेली दाखवलीत, ओल्या रानात रुततात तशी. आज उडीद पेरला. ईरण्णाला वाटत होतं आधीच पेरायला हवा होता, पण उद्घाटनाला, म्हणजे पंधरा ऑगस्टला, पीक दुसऱ्या खुरपणीच्या वयाचं असलं पाहिजे. पिकल्या उडदात खुरपणारी बाई दाखवली तर लोक पुन्हा हसतील, आणि या वेळी त्यांचं बरोबर असेल.

२ ऑगस्ट

एक गोष्ट माझ्या हिशेबात नव्हती. पीक आलं की गवतही येतं. आणि ब्राँझच्या बाया ते काढत नाहीत.

जिवंत तिघी ईरण्णाच्या तुरीत. मग मीच बसलो. लव्हाळा, केना, हराळी. हराळी म्हणजे पाताळातून निघालेली दोरी. सोजरामावशीच्या पुतळ्याशेजारून पात धरली, बसव्वापाशी पोचेस्तोवर कंबर गेली. मी इतके महिने या बसण्याचा प्रत्येक कोन मोजला होता. त्यात दुखतं किती, ते मोजायचं राहून गेलं होतं.

संध्याकाळी कामावरून परतताना टोळी बांधावर उभी राहिली.

“बसव्वा, बग गं, आपल्यात एक नवीन बाई आली.”

“अरे मिस्त्री, उडीद उपटायलास, गवत ठिवायलास!”

“ऱ्हाऊ दे, पितळी बाईपेक्षा बरा हाय. हलतो तरी.”

बस गेली. मी बसलेलोच होतो, त्याच जागी, तसाच. कुणीही हसलं नाही. कंडक्टरनं हात केला, शेतातल्या माणसाला करतात तसा.

१५ ऑगस्ट

साहेब आले, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. आत जायला उडदातून वाट, वाटेत चिखल. पहिल्याच पावलाला बूट आत राहिला आणि साहेब पुढं गेले. ईरण्णाच्या वडिलांची फरशी आता बांधावर हद्दीच्या दगडासारखी रोवलीय. साहेबांनी तिच्याच कडेला बूट घासला. ईरण्णा हात जोडून, हसून उभा होता, आणि ते हसू मी ब्राँझमध्येही काढू शकलो नसतो.

कापड ओढताना चार-दोन रोपं आडवी झाली. खुर्चीवरून सोजरामावशी ओरडली, “अओ साहेब, पीक मोडू नगा!” मग कापड उचलून काढलं.

सगळे बघत राहिले. उडदाच्या हिरव्यात तिघी, गुडघे बुडालेले, हात पानांत. एक बाई म्हणाली, “आत्या, तुमचं बटन बी तुटकंच दावलंय की.” एवढंच. टाळ्या नंतर पडल्या, साहेबांसाठी.

भाषणात साहेबांनी माझं नाव दोनदा घेतलं, दोन्ही वेळा निराळं.

विजयश्री आली होती, एकटीच. सासू-सासऱ्यांचा निरोप सांगितला, खुरपणी अडकलीय, बाया मिळेनात, रान सोडून कसं यावं. सोजरामावशीनं मान हलवली. शाल घेतली, नारळ घेतला. पण सगळा कार्यक्रमभर ती पुतळ्याकडं कमी आणि जनवाड्याच्या रस्त्याकडं जास्त बघत होती. मला वाटलं उन्हानं डोळे दिपत असतील. रेणुका म्हणाली, तुम्ही नका काही बोलू आज.

२२ ऑगस्ट

हे झालं तसं लिहितो, एक शब्द वाढवत नाही.

दिवेलागणीची वेळ. फाट्यावरच्या हॉटेलच्या बाकावर मी, सोजरामावशी, बसव्वा आणि चंद्रम्मा चहा पीत होतो. जनवाड्याकडून एक मोटारसायकल आली, उडदापाशी थांबली. गाडीवरच्या माणसानं पाय टेकून हाक मारली.

“ए बायांनो! सुटायची येळ झाली, अजून बसलाव व्हय?”

उत्तर नाही.

“उद्या जनवाड्याला येता का? माझं सोयाबीन पार बुडालंय गवतात. जीप पाठवतो, न्यायला बी आन् सोडायला बी.”

उत्तर नाही.

“आगं बोला की! मालकानं बोलू नगा म्हणलंय का?” त्यानं आवाज उतरवला. “त्यो काय देतूय त्याच्याहून जास्ती देतो. मधली, तू मुकादमीण दिसतीस. तू बोल.”

बसव्वानं बशी तोंडाला तशीच धरून ठेवली होती, आत बुडबुडे येत होते. मी सांगायला उठत होतो की ते ब्राँझ आहे, पण सोजरामावशीनं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि तो खुरप्यावर असतो तसा घट्ट होता. मग मी नीट बघितलं. विजयश्रीचे सासरे.

मावशीनं चहा संपवला. पदर खोचला. सावकाश रस्ता ओलांडून बांधावर गेली.

“इवाई, रामराम.”

त्यांनी तिच्याकडं बघितलं. मग मधल्या बाईकडं. मग परत तिच्याकडं. गाडी चालूच होती, ती त्यांनी बंद केली.

“त्या आता लोकाच्या रानात जात न्हाईत,” मावशी म्हणाली. “बोलायचं ते माझ्यासंगं बोला.”

ते गाडीवरून उतरले. बांधाच्या आत वाकले आणि मधलीच्या ब्राँझच्या खांद्याला बोट लावून पाहिलं, अंग तापलंय का असं बघावं तसं.

“उद्या येता का मग?” शेवटी म्हणाले. आवाज वेगळा होता, आणि अहो-जाहो आलं होतं.

“येऊ की. रोज तुमीच सांगितलाव, जास्ती देतो म्हणून. दुपारचा चहा मातुर ओट्यावर घेणार न्हाई आमी. आत, वसरीत बसून. विजयश्रीच्या हातचा.”

गाडीच्या किल्लीशी त्यांची बोटं खेळत राहिली.

“या,” ते म्हणाले. “जीप सकाळी येईल. किती जणी व्हतीव तुमी?”

सोजरामावशीनं उडदाकडं एकदा बघितलं.

“जित्या हायेत तेवढ्या समद्या.”